पाठीला पाठ

हॉलिस बर्डवेल आणि आल्टन क्राउच यांची ओळख झाली ती एका मरणाऱ्या सशामुळे, आणि तो ससा मुळात नव्हताच.

आल्टन तेव्हा पवनचक्क्या दुरुस्त करायचा. टेक्सासच्या आमच्या या कोरड्या पश्चिमेत पाणी उपसणारी चक्की बंद पडली की मेंढ्या तहानेनं तडफडायच्या आणि मालकाच्या तोंडचं पाणी पळायचं, त्यामुळे आल्टनला कामाची ददात नव्हती. हिवाळ्यातल्या एका सकाळी तो मनोऱ्यावर चढून चाकाला तेल घालत होता, आणि खाली वेड्या बाभळींच्या दाटीत ससा किंचाळायला लागला. ससा एरवी तोंड उघडत नाही. प्राण जातानाच काय तो ओरडतो, आणि ते ऐकवत नाही. पण आल्टनची न्याहारी झालेली नव्हती. कुणाच्या तरी तारेत अडकला असेल, आयतं जेवण आहे, असा हिशेब करून तो खाली उतरला, हातात मोठा पान्हा घेतला आणि वाकून, पावलांचा आवाज न करता, बाभळींत शिरला. जवळ जाऊन बघतो तर निवडुंगाआडून बंदुकीची नळी त्याच्याच छातीवर रोखलेली, आणि नळीमागे लाल मिशांचा एक माणूस तोंडात गाईच्या शिंगाची पिपाणी धरून बसलेला.

"लेका, अजून जरासा वाकला असतास तर कातडं वाळत घातलं असतं तुझं," मिशीवाला म्हणाला.

"ससा कुठाय?" आल्टननं विचारलं.

"ससा मीच. बस खाली. आलायस तर गप बस तरी."

ही गोष्ट हॉलिसनं जन्मभर सांगितली. पेंडीच्या दुकानात, चर्चच्या जेवणात, कुणाच्या लग्नात. "कोयोटी बोलावले, खोकडं बोलावली, रानमांजरं बोलावली," तो म्हणायचा, "पण मी बोलावलेलं सगळ्यांत मोठं जनावर पान्हा घेऊन आलं, आणि तेही उपाशी!" लोक पोट धरून हसायचे. आल्टन खाली बघून हसायचा. खरं तर त्याला ही गोष्ट मनातून फार आवडायची. त्याला आयुष्यात कुणी फारसं बोलावलं नव्हतं. लग्न जमलं नाही, भाऊबंद दूर गेले. एकदा कुणीतरी बोलावलं होतं आणि तो गेला होता, एवढं त्या गोष्टीत होतं आणि तेवढं त्याला पुरत होतं.

तेव्हापासून दोघं जोडीनं जाऊ लागले. हॉलिस आठवडाभर लोकरीच्या गोदामात गठ्ठे उचलायचा आणि कोकरांच्या दिवसांत कोयोटी, म्हणजे आमच्याकडचे लांडग्यासारखे रानकुत्रे, पिल्लं पळवायला लागले आणि रँचवाल्यांचं बोलावणं आलं की शिंग खिशात टाकून निघायचा. कोयोटीसारखं बेरकी जनावर नाही. सशाचं रडणं ऐकून तो येतो खरा, पण सरळ कधीच येत नाही. लांबून वळसा घेतो, वाऱ्यावरचा वास घेतो, आणि ज्या बाजूला तुमचं लक्ष नाही नेमका तिथून उगवतो. म्हणून हॉलिसची रीत अशी होती की बाभळीच्या सावलीत दोघांनी पाठीला पाठ लावून बसायचं. अर्धं जग एकाचं, अर्धं दुसऱ्याचं. मान वळवायची नाही, मागे बघायचं नाही, तोंडातून शब्द काढायचा नाही. ज्याला जनावर दिसेल त्यानं कोपरानं मागे एकदा ढोसायचं. मागच्यानं आपल्या कोपरानं एकदा उत्तर द्यायचं, म्हणजे समजलं, माझ्या बाजूला सगळं ठीक आहे. उत्तर आल्याशिवाय बंदूक उचलायची नाही, मग जनावर मांडीवर येऊन बसलं तरी चालेल. दुसऱ्या एका जोडीत घाईघाईनं झाडलेल्या गोळीनं एकाचा खांदा गेला होता, आणि हॉलिस ते विसरला नव्हता.

"आणि तुझं उत्तर आलंच नाही तर?" आल्टननं सुरुवातीला विचारलं होतं.

"तर वाट बघायची."

"किती?"

"अरे, पाठ आहे ना मागे? मग उत्तर येतंच. झोपला असशील तर उठशील."

अशी वर्षं गेली. गंमत म्हणजे इतक्या वर्षांत आल्टननं हॉलिसचा चेहरा पाहिला त्यापेक्षा त्याची पाठ जास्त ओळखली. हॉलिसला ताप असला की आल्टनच्या पाठीला कळायचं. हॉलिसची बायको गेली त्या वर्षी तो एकदाच रानात आला, शिंग तोंडाला लावलं आणि वाजवलंच नाही, नुसती पाठ हलत राहिली. आल्टननं मागे वळून पाहिलं नाही. रीतच तशी होती. त्यानं पाठ जरा जास्त टेकवली आणि बसून राहिला.

उन्हाळ्यात शिकार बंद, मग नदी. तिथं तिसरा भिडू होता रुफीनो एस्कामिया, डेल रिओकडचा, पेशानं न्हावी, आणि जगातला सगळ्यांत बडबड्या मासेमार. रात्रभरासाठी गळांचे दोर टाकून ठेवायचे, सकाळी कॅटफिश काढायचे, मक्याच्या पिठात घोळवून तिथंच तळायचे. या दोन घुम्यांची रुफीनोला मनापासून कीव यायची.

"तुम्ही दोघं बोलता तरी कधी रे?" तो तळणीतून मासा उलटताना विचारायचा. "रानात बोलायचं नाही, नदीवर बोलायला येत नाही. उद्या भांडलात तर समेट कसा करणार? पाठीनं?"

"आम्ही कशाला भांडतोय," हॉलिस म्हणायचा.

"माझ्या दुकानात सगळे असंच म्हणतात, आणि मग तोंडं फिरवून बसतात. मला दोन आरशांत दिसतं ना!"

रुफीनो यकृताच्या दुखण्यानं गेला. तो होता तोवर बोलायचं काम त्यानं घेतलेलं होतं. तो गेल्यावर या दोघांमध्ये बोलणारं कुणी उरलं नाही, आणि दुर्दैवानं रुफीनोचं म्हणणंच खरं ठरलं.

झालं असं की मेंढ्या संपल्या. लोकरीला गिऱ्हाईक राहिलं नाही, म्हाताऱ्या मालकांच्या मुलांनी रँचेस विकल्या, आणि शहरातल्या लोकांनी तिथं हरणांच्या शिकारीसाठी बंगले बांधले. जनावरं बोलावणारे जुने लोक एकेक करून गेले. शिंगातून खोकडाच्या पिल्लाचा आवाज काढणारा एक होता, तो ह्यूस्टनला मुलीकडे गेला आणि तिथंच वारला. नुसत्या ओठांनी कोयोटीला खेचणारा एक होता, त्याला दातांची कवळी बसली आणि विद्या गेली. हॉलिसला धाप लागायला लागली होती. शिंग फुंकलं की निम्मा श्वास खोकल्यात जायचा. एका बंगल्याच्या व्यवस्थापकानं नवा डबा आणला होता, टेप आणि भोंगा असलेला. कळ दाबली की ससा रडतो. त्याला रान माहीत असलेला माणूस हवा होता. त्यानं आल्टनला विचारलं, आणि आल्टन गेला.

का गेला? त्यानं स्वतःलाही अनेक कारणं सांगितली. एकच दुपार होती. हॉलिसला खोकला होता. नाही म्हणायला जीभ रेटली नाही. पण खरं कारण साधं होतं: रान सुटलं होतं आणि त्याला रानात बसायचं होतं. डबा किंचाळला, एक कोयोटी आला, व्यवस्थापकानं तो पाडला आणि आरोळ्या ठोकल्या. आल्टनला घरी येताना कसंसंच वाटत होतं.

आमच्या गावात अशी बातमी लपत नाही. दोन दिवसांनी पेंडीच्या दुकानात, गुरांना चाटायला ठेवतात त्या मिठाच्या ढेपांपाशी हॉलिस उभा होता.

"डब्याबरोबर गेला होतास म्हणे," हॉलिस म्हणाला. आवाज चढवलेला नव्हता.

"एकदाच गेलो होतो रे. तुला बरं नव्हतं."

"बरं नव्हतं, मेलो नव्हतो."

"हॉलिस, अरे, डबा आहे नुसता. त्यात काय एवढं?"

"डबाच आहे ना? मग पाठ कुठाय त्याला? पाठ कुणाला लावलीस तू?" हॉलिसच्या मिशा थरथरत होत्या. "सांग की! कुणाला लावलीस?"

दुकानात चारचौघं होती, सगळ्यांनी माना खाली घातल्या. हॉलिसनं मिठाच्या ढेपांकडे तोंड केलं आणि आल्टनकडे पाठ करून उभा राहिला, तो जाईपर्यंत. आल्टन गेला. त्यानंतर दोघांनी अबोला धरला. चर्चमध्ये हॉलिस डावीकडच्या बाकावर, आल्टन उजवीकडच्या. रस्त्यात पिकअप समोरासमोर आल्या तर स्टिअरिंगवरचं बोटसुद्धा नमस्काराला उचलायचे नाहीत, आणि आमच्याकडे बोट तर अनोळखी माणसालाही उचलतात. आल्टनच्या मनात रोज यायचं की उद्या जाऊ, चुकलं म्हणू. पण उद्या म्हणता म्हणता वर्ष उलटलं, आणखी एक उलटलं, आणि मग हॉलिसला झटका आला. उजवी बाजू गेली, वाचा गेली, आणि माणसं ओळखणंही गेलं.

हॉलिसची मुलगी नेल्डा शाळेच्या स्वयंपाकघरात काम करायची. तिनं बापाला गावाबाहेरच्या वृद्धाश्रमात ठेवलं. दुसरा उपाय नव्हता. आल्टन पहिल्यांदा गेला तेव्हा दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून, टोपी हातात घेऊन गेला होता. हॉलिस चाकाच्या खुर्चीत दाराकडे तोंड करून बसलेला. मिशा कुणीतरी कापून टाकल्या होत्या. त्याची नजर आल्टनवरून अशी गेली, जशी भिंतीवरून जावी.

"मलाही ओळखत नाहीत, आल्टनकाका," नेल्डा म्हणाली. "मनाला लावून घेऊ नका."

पण आल्टननं लावून घेतलं. त्याला आता जगाकडून फक्त एक हवं होतं: हॉलिसनं एकदा, एकदाच, आपल्याकडे बघावं आणि ओळखावं. मग शिवी दिली तरी चालेल, थुंकला तरी चालेल. ओळख पटल्याशिवाय माफी मागायची कुणाची? तो दर आठवड्याला जाऊ लागला. समोर खुर्ची ओढून तोंडासमोर तोंड आणून बसायचा. "हॉलिस, मी आल्टन. पान्हेवाला." रुफीनोची नक्कल करून बघितली. तळलेला मासा नेला. हॉलिस मासा खायचा, आणि बघायचा नाही.

शेवटी एके दुपारी त्यानं नेल्डाकडून शिंग मागून घेतलं. जुनं, हाताळून गुळगुळीत झालेलं, तोंडाशी हॉलिसच्या दातांचे व्रण असलेलं. आश्रमाच्या त्या खोलीत, भिंतीपाशी उभं राहून, आल्टननं ते ओठांना लावलं आणि हळू, हॉलिसच्याच लयीत, दोन लांब आणि एक तुटका असा ससा रडवला.

एकच गोंधळ उडाला. शेजारच्या खोलीतली म्हातारी देवाचं नाव घेऊन ओरडायला लागली. ओरालिया नावाची तिथली सेविका हातातलं तबक टाकून धावत आली. "काय करताय, क्राउचसाहेब? कुणाचा जीव जाईल की इथं!"

आल्टनचं तिच्याकडे लक्ष नव्हतं. हॉलिस हलला होता. त्याचं डोकं वर झालं, डोळ्यांत काहीतरी आलं. आता बघेल, आता. हॉलिसनं धडधाकट असलेला डावा हात चाकावर ठेवला आणि जोर लावला. खुर्ची थोडी फिरली, थांबली, पुन्हा फिरली. घामाघूम होईपर्यंत त्यानं ती फिरवली, आणि थांबला तेव्हा त्याचं तोंड खिडकीकडे होतं आणि आल्टनकडे पूर्ण पाठ.

आल्टन तसाच उभा राहिला. त्याला मिठाच्या ढेपा दिसल्या. सगळं गेलं, नाव गेलं, वाचा गेली, पोटची पोर ओळखेना, आणि एवढं मात्र उरलं होतं. त्याला अपमान वाटला नाही, त्याच्या पलीकडचं काहीतरी वाटलं. आत कुणीतरी दिवा मालवल्यासारखं. त्यानं शिंग खिडकीच्या कट्ट्यावर ठेवलं, टोपी घातली आणि हॉलिसकडे न बघता निघाला.

"पुढच्या आठवड्यात या हं," ओरालिया मागून म्हणाली. "पण ते वाजवू नका."

तो पुढच्या आठवड्यात गेला नाही. त्याच्या पुढच्याही नाही. नेल्डाचा फोन आला की काहीतरी निमित्त सांगायचा, गुडघा दुखतोय, अमक्याच्या पंपाची चामडी वायसरं बदलायचीत. गावात उरलेल्या चक्क्या आता शोभेपुरत्या होत्या, हे नेल्डालाही ठाऊक होतं. आल्टन घरात बसायचा, घेवड्याचं कालवण एकदा शिजवून आठवडाभर खायचा. माणसाला आपली चूक कळली आहे आणि ती ऐकून घेणारं कुणी नाही, यापेक्षा वाईट बसणं नाही. त्याला वाटायचं, मी समोर गेलो नाही तर त्याला तरी शांत मरता येईल.

थंडी सरता सरता, कोकरांच्या दिवसांत, हॉलिस गेला.

दफनाला माणसं थोडी होती. वारा एवढा की पाद्र्याचे निम्मे शब्द कुंपणापलीकडे गेले. नंतर चर्चच्या दालनात नेहमीचं जेवण होतं, भाजलेलं मांस, बटाट्याची कोशिंबीर, पत्र्याच्या घडीच्या खुर्च्या. आल्टन कोपऱ्यात ताटली घेऊन बसला. तेवढ्यात ओरालिया त्याच्या शेजारी येऊन बसली, काळ्या कपड्यांत ती त्याला आधी ओळखूच आली नाही.

"तुम्ही आला नाहीत पुन्हा," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात दोष नव्हता, पण आल्टनला तो ऐकू आला.

"त्याला मी नको होतो, बाई. तुमच्यासमोरच तर पाठ फिरवली त्यानं."

"तुमच्याकडे?" ओरालियानं मान हलवली. "छे हो! रोजचंच होतं ते मग. तुम्ही ते काय ते वाजवलंत ना, त्या दिवसापासून दुपार झाली की खुर्ची फिरवायचे, खिडकीकडे. आम्ही सरळ केली की पुन्हा फिरवायचे. आणि पाठ अशी मागे मागे न्यायचे, जणू मागे काही असायला हवं. मी उशी दिली, तर खाली पाडली. मग खुर्ची भिंतीला टेकवून दिली, तीही नको. आणि ते कोपराचं."

आल्टननं ताटली गुडघ्यावर ठेवली. "कोपराचं काय?"

"डावा कोपर मागे मारायचे. खुर्चीच्या दांडीवर. आम्हाला वाटलं खाज सुटते. डॉक्टर म्हणाले, झटक्यानंतर होतं असं. सोलून निघाला होता हो कोपर, मीच पट्टी बांधायची रोज."

"सारखा मारायचा?" आल्टननं विचारलं. "की एकदा?"

ओरालिया आठवू लागली. "एकदा. एकदा मारायचे, मग अगदी गप्प. श्वाससुद्धा हळू. ऐकत बसल्यासारखे बसायचे, पाच-दहा मिनिटं. डोळे बाहेर मैदानावर. मग पुन्हा एकदा. जेवणाची घंटा होईपर्यंत तेच. शेवटच्या दिवशीसुद्धा बसवा म्हणून खुणावत होते, पण बसवण्यासारखं राहिलं नव्हतं." तिनं त्याच्याकडे पाहिलं. "काय हवं असेल हो त्यांना? तुम्ही ओळखत होता ना चांगलं?"

ओरालियानं त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेली.

तोंडासमोर तोंड आणून बसलो मी, आल्टनच्या मनात आलं. इतके आठवडे. अरे गाढवा, रानात तुझं तोंड त्यानं पाहिलंच कधी होतं? त्यानं तुला ओळखलं होतं. खोलीत नुसता ससा रडला आणि त्यानं तुला ओळखलं होतं, तुला जागा करून दिली होती, आणि तू टोपी घालून निघून गेलास. पहिल्यांदा बोलावलं तेव्हा उपाशीपोटी, पान्हा घेऊन गेला होतास. आणि या वेळी तो दुपारभर, रोज, कातडं सोलून निघेपर्यंत बोलावत होता.

रडू आलं नाही. आलं असतं तर बरं झालं असतं. दालन हळूहळू रिकामं झालं, बायका भांडी आवरायला लागल्या, कुणीतरी खुर्च्या घडी करून भिंतीला लावू लागलं. आल्टन पाठ ताठ करून बसला होता, समोरच्या भिंतीकडे बघत. मग त्याचा उजवा कोपर मागे गेला, एकदाच, सावकाश, नेम धरल्यासारखा.

तो मागून ताटल्या गोळा करत जाणाऱ्या नेल्डाच्या हाताला लागला. ती थांबली, वाकली.

"काय हवंय, आल्टनकाका?"

"काही नाही गं," तो म्हणाला, आणि मागे वळून बघितलं नाही. "त्याला उत्तर द्यायचं राहिलं होतं."